देवाचे फूल आणि गावचा आनंद
(ग्रामदैवताच्या मंदिर जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवाच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने देवळाचे काम तडीस गेले. कळस चढला, पायऱ्या बसल्या, दीपमाळ उजळली. समितीने जमाखर्चाची वही चोख ठेवलेली आहे. वाळू, चुना, सिमेंट, दगड, सागवान, मजुरी, वाहतूक असे एकेक कलम तीत पाहावयास मिळते. ज्याने लाख दिले त्याचीही पावती आहे आणि ज्याने पायलीभर जोंधळे दिले त्याचीही नोंद आहे. ही गोष्ट गावाला भूषणावह आहे.

परंतु एक कलम त्या वहीत कोठेही नाही. ते म्हणजे फुले. काम चालू असताना देव तात्पुरत्या मांडवात बसले होते. वर पत्रे, भोवती विटांचे ढीग आणि खडीची धूळ. तरीही एकही दिवस पूजा फुलाविना झाली नाही. कोणी परसातली जास्वंद आणली, कोणी बांधावरची कण्हेर आणली, कोणी शाळेला जाता जाता तगरीची चार फुले देवापुढे ठेवून गेले. त्या फुलांची पावती कोणी मागितली नाही आणि कोणी फाडलीही नाही. आजच्या या मंगल प्रसंगी चार शब्द सांगावयाचे आहेत ते या नोंद नसलेल्या कलमाविषयीच. फुले, सणवार आणि त्यांच्यापासून माणसाच्या हाताला सुचलेली शोभा, असा हा विषय आहे.

प्रथम देवाची आवड पाहावी. शंकराला बेलाचे पान आणि धोतऱ्याचे फूल चालते. गणपतीला तांबडी जास्वंद आणि दूर्वांची जुडी लागते. विठोबाला तुळस, मारुतीला रुईची माळ. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला चैत्रात दवणा वाहतात. आता या वस्तूंकडे नीट पाहिले म्हणजे एक मर्म ध्यानी येते. रुई कोठे उगवते? पडीक माळावर. धोतरा कोठे उगवतो? उकिरड्याच्या कडेला. दूर्वा तर पायाखालीच असतात. ज्याच्याजवळ बाग नाही, विहीर नाही, वीतभर जमीन नाही, त्यालाही देवापुढे रिकाम्या हाताने जावे लागू नये अशीच ही जुनी व्यवस्था दिसते. श्रीमंताचा मळा आणि गरिबाचा माळ, दोन्हींना देवाच्या दारी सारखाच मान आहे.

गणेशचतुर्थीच्या पत्रीचेही असेच आहे. एकवीस पत्रींत आघाडा आहे, माका आहे, डोरली आहे, रुई आहे, धोतरा आहे. एरव्ही शेतकरी यांना तण म्हणून उपटून टाकतो. वर्षातून एक दिवस मात्र त्यांची नावे घेऊन ती देवाच्या मस्तकी चढतात. पत्री गोळा करायला मुले बांधाबांधाने हिंडतात, हे पान कशाचे, ते पान कशाचे, अशी आजीला विचारणा करतात आणि नकळत गावच्या वनस्पतींची ओळख करून घेतात. पाटी नाही, पुस्तक नाही, परंतु शिक्षण मात्र पक्के होते.

मग गौरी येतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असे तीन दिवसांचे हे माहेरपण. मुखवट्याची गौर कित्येक घरी असते, परंतु खेड्यापाड्यांत तेरड्याची गौरही बसते. बायका-मुली पाणवठ्यावर जातात, तेरड्याची रोपे मुळासकट आणतात, त्यांची जुडी बांधून हळदीकुंकू लावतात आणि तीच गौर म्हणून वाजतगाजत घरी आणतात. रात्री झिम्मा-फुगडीने अंगण दणाणते.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. टिकत नाही अशा गोष्टीला हिणवण्यासाठी ती वापरतात. परंतु मंडळी, ज्या तेरड्याला म्हणीने हिणवले, त्यालाच सणाने देवी केले आहे! त्याचा रंग तीन दिवसांचा आणि गौरीचा मुक्कामही तीन दिवसांचाच. टिकाऊ वस्तू शोधायची असती तर बायकांना देवी म्हणून दगड आणता आला असता, पितळ आणता आले असते. त्यांनी तीन दिवसांचे फूल आणले. कारण जे जाणार आहे त्याचे कौतुक आजच करावे लागते, उद्यावर टाकता येत नाही. फुलाचा आनंद असा रोकडीचा आहे. त्यात उधारी नाही.

वर्षाचे सण एकामागून एक पाहिले तर प्रत्येकाची स्वतंत्र फुले-पाने ठरलेली आढळतात. गुढीपाडव्याला आंब्याचा डहाळा आणि कडुलिंब. बेंदराला बैलाची शिंगे रंगवतात, वर बेगड चिकटवतात, गळ्यात माळ घालतात. नवरात्रात घट बसतो, त्यावर रोज एक माळ चढते. कारळ्याची पिवळी फुले रानात त्याच सुमारास फुललेली असतात, ती या माळेला चालतात. दसऱ्याला दारी झेंडूचे तोरण, त्यात आंब्याची पाने आणि नव्या भाताच्या लोंब्या. घटात उगवलेले धान कित्येक जण टोपीत तुऱ्यासारखे खोवतात. कोल्हापूरच्या दसरा चौकात त्या दिवशी छत्रपतींच्या उपस्थितीत सोने लुटले जाते. ते सोने म्हणजे आपट्याचे पान. पानाला सोने म्हणावे आणि ते एकमेकांना वाटावे, यापरती स्वस्त आणि मोठी श्रीमंती कोणती? दिवाळीत घरोघरच्या मुली शेणाच्या गवळणी करतात. शेणासारखी वस्तू, परंतु बोटांनी आकार दिला, वर फुले खोचली की तीच अंगणाची शोभा होते.

येथे कोणी म्हणेल, हे सारे पोट भरलेल्यांचे कौतुक झाले. अडचणीच्या काळात फुले कोणाला सुचतात? त्याचे उत्तर याच जिल्ह्याने दिलेले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला आणि कृष्णेला महापूर आला. करवीर, शिरोळ, हातकणंगले या भागांतील कितीतरी गावे पाण्यात गेली. जनावरे गेली, ऊस कुजला, घरांच्या भिंती बसल्या. पाणी ओसरून महिनाही झाला नव्हता तोच २ सप्टेंबरला गणेशचतुर्थी आली. कोल्हापूरच्या कित्येक मंडळांनी त्या वर्षी देखावे आखडते घेतले आणि वाचलेला पैसा पूरग्रस्तांकडे वळवला. सण मात्र कोणी सोडला नाही. रोषणाई नव्हती, परंतु दूर्वांची जुडी होती, जास्वंद होती. खर्च उतरला म्हणून सण उतरत नाही. चार फुले आणि चार माणसे असली की सण होतो, हे त्या वर्षी सर्वांनी प्रत्यक्ष पाहिले.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. फूल संध्याकाळी सुकते. मग त्याचा आनंद पुढच्या पिढीला पोचतो कसा? तो पोचतो कारागिराच्या हातातून. फूल पाहून माणसाच्या हाताला काहीतरी करावेसे वाटते. त्या करण्यालाच आपण नक्षी म्हणतो.

पहिली नक्षी अंगणातली. सडा टाकून झाला की घरची लेक चिमटीत शिरगोळ्याची पूड धरते आणि ठिपके मांडते. ठिपके जोडून कमळ करते, वेल काढते, चैत्रात चैत्रांगण काढते. तिला कोणी भूमिती शिकवलेली नसते, तरीही आठ पाकळ्यांचे कमळ आठही बाजूंनी सारखे येते. पाथरवट दगडावर कमळ घडवतो तेव्हा त्याची रीतही वेगळी नसते. मध्यबिंदू धरायचा, सुताने वर्तुळ फिरवायचे, त्याचे चार भाग, मग आठ, मग सोळा, आणि त्यानंतर टाकी लावायची. अंगणातली मुलगी आणि देवळातला पाथरवट, दोघांची शाळा एकच. मुलीचे कमळ दुपारपर्यंत पायाखाली पुसले जाते आणि पाथरवटाचे कमळ शेकडो वर्षे राहते, एवढाच काय तो फरक.

शेकडो वर्षे म्हणजे काय, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूरला जावे. तेथले कोपेश्वराचे मंदिर शिलाहार राजांच्या काळातले, बाराव्या शतकातले. यादवांचा राजा सिंघण याचा शिलालेखही तेथे आहे. मंदिरापुढे स्वर्गमंडप आहे. त्याला अठ्ठेचाळीस खांब असून मध्यभागी छत उघडे ठेवलेले आहे. त्या गोल उघडीतून आकाश थेट आत उतरते. खांब कोठे गोल, कोठे चौकोनी, कोठे अष्टकोनी. त्यांवर फुलांच्या माळा, पाकळ्या, वेलबुट्टी. ज्या हातांनी ते काम केले त्यांची नावे लोकांना माहीत नाहीत. परंतु त्यांच्या गावच्या तळ्यात कमळे होती आणि ती त्यांनी डोळे भरून पाहिली होती, एवढे मात्र त्या दगडाकडे पाहून खात्रीने सांगता येते. पाहिल्याशिवाय असे घडवता येत नाही.

सोनारांनीही तेच केले. कोल्हापुरी साज सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या पानड्यांत कमळ आहे, बेलपान आहे, कारले आहे, भुंगा आहे, मासा आणि कासवही आहे. मधले मणी जवाच्या आकाराचे, म्हणून जवमणी. इतर दागिन्यांची नावे घ्यावीत तर बोरांसारखी बोरमाळ, बकुळीच्या फुलांसारखा बकुळीहार, जोंधळ्याच्या दाण्यासारखी जोंधळी पोत. शेतात, बांधावर, देवळाच्या आवारात जे दिसले तेच सोन्यात उतरले. दागिना घडवणाऱ्याला परदेशी नमुन्याचे पुस्तक चाळावे लागले नाही. गावच त्याचे पुस्तक होते.

चर्मकारांची कलाही याच रांगेतली. कोल्हापुरी चपलेवर चामड्याच्या बारीक पट्ट्या विणून जी शोभा करतात तिला वेणी म्हणतात. बायका केसांत जी फुलांची वेणी माळतात, तोच शब्द पायातल्या चपलेलाही लागला. डोक्यापासून पायापर्यंत या मुलखाने फूलच पांघरले आहे म्हणावयास हरकत नाही.

आणि ही दृष्टी केवळ जुन्या काळापुरती नव्हती. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परत आपल्या गावी आले आणि कोटीतीर्थाच्या तळ्याकाठचे पाणी, झाडे, ऊन पाहून चित्रे काढीत राहिले. राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली ते वारले. मिस्त्री घराण्यात जन्मलेले बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कोल्हापुरात चित्रपटाचा उद्योग उभा केला. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते अशा माणसांमुळे. त्यांनी आधी आपल्या अवतीभवतीचे डोळे भरून पाहिले, मग हातात कुंचला घेतला.

मंडळी, आता घरचीच गोष्ट सांगितली पाहिजे. जीर्णोद्धाराचा विचार सुरू झाला तेव्हा गाभाऱ्याच्या जुन्या दगडी चौकटीवरून गावसभेत दोन मते पडली होती. एक मत असे की, चौकट जुनाट झाली, कडा झिजल्या, तिच्या जागी गुळगुळीत चकचकीत ग्रॅनाइटची नवी बसवावी; पैसा जमलाच आहे. दुसरे मत असे की, पूर्वजांनी बसवलेली आहे, तिला हात लावू नये. दोन्ही मते देवावरील प्रेमापोटीच होती. वाद बराच वाढला. अखेर एका वृद्ध कारागिराने सुचवले की, ठेवायची की काढायची ते मागाहून ठरवा; आधी तिच्यावरचा रंग काढून तिचे मूळ रूप तरी पाहा.

चौकटीवर कित्येक पिढ्यांनी भक्तिभावाने तैलरंगाचे हात दिले होते. हिरव्यावर तांबडा, तांबड्यावर पिवळा. तरुण मुलांनी आठ-दहा दिवस खपून, दगडाला ओरखडा न उठू देता, तो रंग हळूहळू उतरवला. आणि मग दिसले ते असे. उंबरठ्यापासून निघालेली वेल दोन्ही बाजूंनी वर चढत जाऊन गणेशपट्टीपाशी भेटते, आणि संपूर्ण प्रवासात ती कोठेही तुटत नाही. प्रत्येक वळणात एक फूल. काही फुले उमललेली, काही मिटलेली. एका वळणात तर फुलावर चोच टेकलेले एवढेसे पाखरू! गावातल्या सर्वांत वृद्ध माणसानेही ते आधी पाहिलेले नव्हते. रोज ज्या दारातून आत जायचे त्याच दारावर बाग होती आणि ती रंगाखाली झाकून गेली होती. त्यानंतर मतभेद उरला नाही. तीच चौकट धुऊन, सांधून, जागेवर बसवलेली आहे. ज्यांनी ग्रॅनाइटसाठी देणगी देऊ केली होती, त्यांनी ती आनंदाने फरशीकडे वळवली. त्यांचा हा मोठेपणा या समारंभात आवर्जून सांगण्यासारखा आहे.

या घटनेवरून घेण्यासारखा बोध हा की, शोभा बहुधा बाहेरून आणावी लागत नाही. ती असतेच. तिच्यावर चढलेला थर तेवढा दूर करावा लागतो.

याचा अर्थ असा मात्र कोणी घेऊ नये की, बाहेरचे ते सर्व वाईट आणि जुने तेवढेच खरे. दसऱ्याचा झेंडूच घ्या. त्याच्यावाचून दसरा होत नाही असे आपण समजतो. परंतु झेंडू मूळचा या देशाचा नव्हे. तो सातासमुद्रापलीकडच्या मेक्सिको देशाचा. पोर्तुगीजांच्या काळात गलबतांतून तो इकडे आला. निशिगंध तिकडचाच आणि देवळाच्या आवारातला पांढरा चाफाही मूळचा तिकडचाच! आपल्या पूर्वजांनी त्या फुलांना तुमचे गाव कोणते असे विचारले नाही. त्यांचा रंग पाहिला, वास पाहिला आणि त्यांना थेट देवाच्या गळ्यात घातले. तिकडे मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या १ व २ तारखेला लोक आपल्या मृत आप्तांची आठवण करतात, तेव्हा झेंडूच्या पाकळ्यांनी घराची वाट सजवतात. इकडे दाराला तोरण, तिकडे वाटेवर पाकळ्या. माणसाचे मन सगळीकडे सारखेच.

दुसरे उदाहरण जपानचे. तेथल्या क्योटो शहरात रोक्काकुदो नावाचे बुद्धाचे देऊळ आहे. तेथील पुजारी बुद्धापुढे रोज फुले मांडीत. मांडता मांडता कोणती फांदी कोठे ठेवावी, किती मोकळी जागा सोडावी, याचे एक शास्त्रच तयार झाले. पुष्परचनेची जी कला आज जगभर इकेबाना म्हणून शिकवतात, तिची सर्वांत जुनी परंपरा त्या देवळातली आहे. सेन्केई नावाच्या तेथल्या पुजाऱ्याने १४६२ साली मांडलेली फुले पाहायला क्योटोतील लोक लोटले, अशी नोंद त्या काळच्या एका रोजनिशीत आहे. फुले दोन दिवसांत सुकली असतील. पण कोणीतरी दोन ओळी लिहून ठेवल्या म्हणून साडेपाचशे वर्षांनंतर त्या फुलांची गोष्ट सांगता येते.

तात्पर्य, नवे फूल येऊ द्यावे, नवी रीत येऊ द्यावी. शिरोळ भागात हरितगृहांतून गुलाब पिकतो, तोही देवाला चालावा. भीती नव्याची नाही. भीती आहे ती निर्जीव वस्तूची. हल्ली दारोदारी प्लॅस्टिकचे तोरण दिसते. एकदा बांधले की वर्षभर काढायला नको, अशी त्याची स्तुती होते. धूळ खात, उन्हाने विटत ते दारावर लोंबकळत राहते. अंगणात रांगोळीऐवजी कागदाचे चिकटचित्र येते. मखराला थर्माकोल वापरीत. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली त्याच्या सजावटीवर बंदी घातली तरी मोह सुटत नाही. यात दोष द्यावा तर कोणाला? सर्वांनाच कामाची घाई आहे. तथापि हिशोब करून पाहावा. प्लॅस्टिकच्या तोरणाने झेंडू लावणाऱ्या शेतकऱ्याचा दर पाडला. हार ओवून प्रपंच चालवणाऱ्या बाईचे गिऱ्हाईक तोडले. आणि सणाच्या पहाटे दाराशी बसून आजी, सून आणि नात मिळून तोरण ओवायच्या, ती तासाभराची बैठक मोडली. तोरण टिकले, पण तोरण करण्यातला आनंद गेला. जे कधी सुकत नाही त्याच्याकडे रोज कोणी पाहतही नाही.

आणि आपण ज्याला जुनाट म्हणून टाकतो त्याची किंमत परके लोक जाणतात, हेही विसरता कामा नये. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने आपल्या नव्या पोशाखांच्या प्रदर्शनात ज्या चपला दाखवल्या, त्या पाहताच कोल्हापूरकरांनी ओळखल्या. घडण आपल्याकडची, परंतु आपल्या कारागिरांचे नाव कोठेही नाही. ओरड झाली, तेव्हा या भारतीय कारागिरीवरूनच त्या सुचल्या, हे कंपनीने मान्य केले. परदेशी माणसाला इथल्या चर्मकाराच्या हातात जे दिसले, ते इथल्या तरुणाला दिसू नये काय? नाव लिहिले नाही म्हणून रागावायचे असेल, तर आधी आपल्याच वहीत आपल्या कारागिरांची नावे नीट लिहिली आहेत की नाहीत, हे पाहिले पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचे संत सावता माळी यांचे स्मरण येथे होणे साहजिक आहे. तेराव्या शतकातला हा भक्त. मळ्याची मशागत हीच त्यांनी विठ्ठलाची पूजा मानली. वाफ्याला पाणी देणे आणि देवाला फूल वाहणे यांत त्यांनी भेद केला नाही. देऊळ बांधणे हे एकदाचे काम आहे. दहा-वीस वर्षांत, पन्नास वर्षांत एकदा ते करावे लागते आणि त्याला द्रव्य लागते. देवळात जीव राखणे हे रोजचे काम आहे. त्याला द्रव्य लागत नाही, मन लागते. देणगीदारांनी आपले कर्तव्य केले. त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी सभामंडपात लागलेली आहे आणि ती योग्यच आहे. येथून पुढचे कर्तव्य घरोघरच्या मंडळींचे आहे.

त्यासाठी चार साध्या गोष्टी गावापुढे ठेवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट अशी की, देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत फरशी न घालता तेथे फुलबाग करावी. बेल, पारिजातक, पांढरा चाफा, जास्वंद, तगर, कण्हेर, तुळस. एकही झाड महागाचे नाही आणि एकदा जगल्यावर फारशी निगा मागणारे नाही. शाळेतल्या प्रत्येक वर्गाने एकेक झाड सांभाळावे. नळाचे सांडपाणी चर काढून तिकडे वळवावे.

दुसरी गोष्ट निर्माल्याची. देवाच्या अंगावरून उतरलेले फूल पाण्यात सोडण्याची चाल आहे, पण नदी आता पूर्वीची राहिली नाही. बागेच्या कोपऱ्यात एक खड्डा करावा, निर्माल्य त्यात पडावे, त्याचे खत व्हावे आणि ते पुन्हा त्याच झाडांना मिळावे. देवाचे फूल मातीत जाऊन पुन्हा देवाकडे येईल. याहून पवित्र विसर्जन कोणते असेल?

तिसरी गोष्ट, नव्या देवळाच्या दगडावर यापुढे कोणीही, कितीही भक्तीने का होईना, तैलरंगाचा हात देऊ नये. आणि देवळाच्या दाराला प्लॅस्टिकचे तोरण बांधू नये. सणाला ताजे बांधावे. रोज जमले नाही तर आंब्याची पाच पाने दोऱ्यात ओवून बांधावीत, तेवढ्याने दार प्रसन्न दिसते.

चौथी गोष्ट सर्वांत छोटी आहे, परंतु तीच सर्वांत महत्त्वाची. समितीने जशी जमाखर्चाची वही ठेवली, तशी एक फुलांची वही देवळात ठेवावी. प्रत्येक गल्लीकडे आठवड्याचा एकेक वार द्यावा. ज्या घरून फुले आली त्या घराचे नाव, फुलाचे नाव आणि तारीख, एवढेच लिहावे. हार कोणी ओवला, रांगोळी कोणी काढली तेही लिहावे. वर्षानुवर्षे ज्या आया-बहिणींनी पहाटे उठून देवाला फूल पोचवले, ज्यांचे नाव ना पाटीवर आहे ना पावतीवर, त्यांचे नाव निदान त्या वहीत येऊ दे. आणखी पन्नास वर्षांनी देवळाचे काम पुन्हा निघेल, तेव्हाची मुले ती वही उघडतील. आपल्या पणजीने कोणत्या श्रावणात कोणते फूल आणले होते ते त्यांना वाचायला मिळेल. दगडी चौकटीवरचे पाखरू जसे या पिढीला सापडले, तसे त्यांना ते सापडेल.

देऊळ उभे राहिले ते द्रव्याने आणि घामाने. ते हसते राहील ते फुलाने. या कामी ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्या सर्वांना ग्रामदैवताने उदंड आयुष्य, भरली कोठारे आणि दारात फुलणारी बाग द्यावी, एवढीच प्रार्थना करून हे चार शब्द येथे पुरे केलेले बरे.

जय हिंद! जय महाराष्ट्र! देवाच्या नावाने चांगभले!